जरा उचलून फिरवायची

हे मी आजपर्यंत कुणाला बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि बायकोला तर मी भाजीवाल्यानं चार मिरच्या जास्त घातल्या तरी सांगतो. आज दुकानात गिऱ्हाईक नाही, चहा आत्ताच आलाय, तुम्ही समोर बसल्यासारखे आहात. म्हणून सांगतो. मध्येच अडखळेन. अडखळू द्या.

तसा मी सुखी माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. उगाच वाटायला नको की दत्तू आतून झुरतोय बिरतोय. छे! रविवार कारंज्याजवळ माझी टपरी आहे, कुलपं दुरुस्त करतो. गुडघे कुरकुरतात, पण हात अजून थरथरत नाही. जेवण जातं, झोप लागते. वडील विंचूरचे सुतार. त्यांनी दारं केली, मी दाराच्या पोटात शिरलो, एवढाच फरक.

पोटात म्हणजे खरोखर पोटातच हो. गंगापूर रोडला जुने बंगले आहेत ना, तिथं सागाची जाड दारं. त्यांना मॉर्टिस लॉक असतं. लाकूड कोरून आत बसवलेलं, बाहेरून नुसतं हँडल आणि किल्लीचं भोक दिसतं. आत पितळेच्या पात्या एकावर एक रचलेल्या असतात. किल्लीचे दाते त्या पात्या नेमक्या उचलतात, तेव्हा कुलूप उघडतं. पात्यांचा क्रम बदलला, की बाहेरून कुलूप तेच, पण जुनी किल्ली आंधळी होते. नवी घासून द्यावी लागते. आणि एक गंमत — पात्यांच्या खाचा कानशीनं जरा रुंद केल्या, तर नवी किल्लीही चालते आणि जुनीही. आम्ही त्याला भोळं कुलूप म्हणतो. कुणी मुद्दाम करत नाही. चांगला कारागीर तर नाहीच.

हे सगळं का सांगतोय? कारण त्या एका खाचेपाशीच गोष्ट आहे.

त्या रस्त्याला नाना आणि काकू राहायचे. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझं वय ते काय! काम आवडलं आणि त्यांनी कॉलनीभर माझं नाव केलं. निम्मी दारं त्यांच्या शब्दावर माझ्या हाताखालून गेली. त्यांची एकुलती एक मुलगी शुभा. कॉलेजात जायला लागली तेव्हा तिची किल्ली मीच घासून दिली होती, डोक्याला छोटं भोक पाडून, तिला लाल दोरा ओवायचा होता म्हणून.

नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. शुभानं लग्न केलं. मुलगा हरसूलचा, तिथल्याच शाळेत मास्तर — डोंगरातला, आदिवासी. गुणी पोरगा. पण नानांच्या जातीत बसेना. नानांनी घरात तिचं नाव काढायला बंदी केली. आणि मग मला बोलावणं आलं.

"दत्तू, तिच्याकडे या घराची किल्ली आहे," ते म्हणाले. "ती चालता कामा नये."

मी हत्यारांची पिशवी उघडली. नाना चष्मा आणायला आत गेले, तेवढ्यात काकू आल्या. पदरानं हात पुसत होत्या, हात कोरडेच होते. घाईघाईनं म्हणाल्या, "अरे, असं काही कर ना — यांची नवी चालू दे, आणि तिचीही चालू दे. दर गुरुवारी आम्ही दोघं नाशिकरोडला वन्संकडे जातो. तेवढ्यात ती येऊन जाईल. तिला दिवस गेलेत रे. बाळंतपणानंतर बाळाला घेऊन येईल, मी डबा ठेवीन, चार कपडे ठेवीन. भेट नाही तर नाही." नानांनी काकूंना शपथ घातली होती ना, मुलीचं तोंड पाहायचं नाही म्हणून. पत्र लिहिलं तर उत्तर नानांच्याच हातात पडायचं. उरली काय, तर ती किल्ली.

मी म्हणालो, "करतो काकू. निश्चिंत राहा."

आणि करणारही होतो! देवाशपथ सांगतो, कानस हातात घेतली होती. तेवढ्यात नानांनी खुर्ची आणली आणि माझ्या डोक्याशी पेपर वाचत बसले. वाचत कसले, पेपराच्या वरून माझे हात बघत होते. त्यात आमच्या धंद्यात एक रीत आहे — काम झालं, की पहिली किल्ली घरधन्यानं फिरवायची, कारागिरानं बाजूला उभं राहायचं. नाना पहिली कुठली फिरवणार? जुनीच की! खाच रुंद केली असती तर कुलूप त्यांच्यासमोर उघडलं असतं, आणि माझं कॉलनीतलं नाव तिथंच संपलं असतं. माझी पाचावर धारण बसली. कानस पिशवीत टाकली. पात्यांचा क्रम बदलला, नव्या किल्ल्या घासल्या, बाजूला उभा राहिलो. नानांनी जुनी किल्ली घातली. फिरली नाही. "शाब्बास," म्हणाले, आणि घरातल्या दोन्ही जुन्या किल्ल्या खिशात टाकल्या.

इथवर मी नुसता भित्रा होतो. भित्रेपणाचं काय एवढं, तुम्ही म्हणाल. थांबा.

काकू फाटकापर्यंत आल्या, हातात रव्याचे दोन लाडू. डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली — हो. झालं ना? तेवढ्यावर थांबावं की नाही? पण त्या म्हणाल्या, "मग यांची कशी नाही फिरली?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "तशी नाही फिरत काकू. जरा उचलून फिरवायची. ताईला तेवढं कळवा."

उचलून फिरवायची! कुठून सुचलं मला? असं काही नसतं. त्या पात्यांना तुम्ही उचला, आपटा, आरती करा, क्रम बदलला म्हणजे बदलला. पण काकूंचा चेहरा असा उजळला की विचारू नका. मी लाडू खात खात सायकलवर बसलो. मनात होतं, आठवड्याभरात तेल द्यायच्या निमित्तानं येऊ आणि खाच रुंद करून टाकू. मग पिंपळगावला एका द्राक्षवाल्याचं काम निघालं, पॅकहाऊसची सगळी दारं. आज जाऊ, उद्या जाऊ. तुम्ही कधी काही पुढं ढकललंय का? मग तुम्हाला माहीतच आहे.

महिने गेले. एका गुरुवारी दुपारी टपरीसमोर शुभा उभी. कडेवर बाळ, अडीच-तीन महिन्यांचं, टोपडं घातलेलं. उन्हानं दोघी लाल झालेल्या. तिनं लाल दोऱ्याची किल्ली फळीवर ठेवली.

"दत्तूदादा, बघा बरं, ही झिजलीय का? आईनं लिहिलं तसं उचलून फिरवली. तासभर फिरवतेय."

मी किल्ली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, डोळ्याजवळ नेली. काय बघत होतो? माझीच किल्ली, दाते अगदी शाबूत. तिथं चार शब्द बोलायचे होते. ताई, चूक माझी आहे. चारच शब्द हो! त्याऐवजी मी म्हणालो, नानांनी कुलूप बदलून घेतलंय.

तिनं विचारलं, "आईला माहीत होतं?"

आणि मी — हे बघा, इथं येईपर्यंत मी तुम्हाला लाडवापासून पिंपळगावपर्यंत फिरवून आणलं, कारण हे वाक्य तोंडावर आणायचं नव्हतं. मी म्हणालो, "घरात काम झालं म्हणजे आईला माहीत असणारच ना."

खोटं नव्हतं म्हणा त्यात. शब्द तर सगळे खरेच. पण मला ठाऊक होतं ती त्याचा काय अर्थ घेणार. आईनं मुद्दाम बोलावलं आणि बंद दारापुढे उभं केलं, हाच ना? मला पुढचे प्रश्न नको होते. तिनं नुसतं "बरं" म्हटलं, बाळाचं टोपडं सारखं केलं आणि बसस्टँडकडे निघाली. किल्ली फळीवरच राहिली. मी तिला हाकही मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर हजर! खाई त्याला खवखवे. नाना बँकेत गेले होते. तेल द्यायला आलो म्हणून कुलूप काढलं, पात्यांच्या खाचा रुंद केल्या, परत बसवलं, शुभाच्या किल्लीनं फिरवून पाहिलं. लोण्यासारखं उघडलं. आता दार तिच्यासाठी उघडं होतं आणि तिची किल्ली माझ्या खिशात.

काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. डिंकाच्या लाडवांचा डबा टेबलावर तसाच, शेजारी झबली घडी घालून ठेवलेली. "काल यायची होती," त्या म्हणाल्या. "तिची किल्ली चालते ना रे नक्की?"

"चालते," मी म्हणालो. त्या घडीला तेही खरंच होतं.

"मग तीच आली नाही," म्हणाल्या, आणि झबली उचलून माळ्यावर टाकली. पुन्हा पत्र घातलं नाही त्यांनी. मानी बाई. लेकही तशीच, आईवर गेलेली. मी पिशवी आवरली.

हरसूल काय सातासमुद्रापार आहे? एसटीनं दोन तास. मी गेलो होतो एकदा, बाजाराच्या दिवशी, किल्ली खिशात घालून. शुभा वांगी निवडत होती, पोरगी तिचा पदर धरून उभी, चालायला लागली होती. मी कापडवाल्याच्या पालाआड उभा राहिलो. मग भजी खाल्ली आणि परतीच्या बसमध्ये बसलो. भजी गरम होती, एवढं आठवतं.

सहा वर्षं गेली अशी. माझं बरं चाललं होतं, खोटं कशाला बोलू? मुलीचं लग्न झालं, टपरीला पक्कं शटर आलं.

मग एक दिवस नाना कुणाला न सांगता हरसूलच्या बसमध्ये बसले. का, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. संध्याकाळी परत आले ते नातीचा हात धरून, मागे शुभा आणि जावई. आठवड्यानं मला निरोप — नवं कुलूप बसव, किल्ल्या पाच पाहिजेत. "जावयाला वेगळी दे," नाना म्हणाले, "बिचारा बेल वाजवत बसायला नको."

मी जुनं कुलूप उपसलं. दारातली जुनी पोकळी मोठी, नवं कुलूप लहान, म्हणून सागाचे तुकडे चिकटवून जागा भरत बसलो होतो. काकू आणि शुभा दोघी तिथंच, नात माझा पेचकस घेऊन खेळतेय. काकूंनी जुनं कुलूप पेपरावरून उचललं आणि लेकीला म्हणाल्या, "बघ, यानं माझ्या शब्दाखातर तुझी किल्ली चालू ठेवली होती. यांच्या नाकाखाली! आणि तू म्हणतेस, मी आले होते, उघडलंच नाही. दत्तू, सांग बाबा हिला. चालत होती की नाही?"

मी वर पाहिलं. शुभा माझ्याकडेच बघत होती. तिला टपरी आठवत होती, फळी आठवत होती, मी बोललो ते वाक्य आठवत होतं. सगळं तिच्या डोळ्यांत होतं. लाज वाटली हो मला. पायाखालची फरशी मोजत बसलो.

"चालत होती," मी म्हणालो.

शुभानं आईच्या हातातलं कुलूप काढून घेतलं आणि म्हणाली, "असेल आई. मलाच उचलून फिरवता आली नसेल."

एवढंच. आत गेली, माझ्यासाठी चहा घेऊन आली. कप माझ्या हातात दिला, खाली ठेवला नाही. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. ती आता नाशिकातच असते. रस्त्यात भेटली की दत्तूदादा म्हणून हाक मारते, गुडघ्यांची चौकशी करते.

जुनं कुलूप मोडीत गेलं. किल्ली माझ्या गल्ल्यात आहे, दोऱ्याचा लाल रंग गेलाय.

मी घाबरून काम केलं नाही. केलं म्हणून सांगितलं. आणि एका आईला तिच्या लेकीपासून सहा वर्षं लांब ठेवलं, ते माझ्या एका वाक्यानं. नानांचा राग नानांपाशी, त्याचं मी काही बोलत नाही. हे माझं.

दर दिवाळीला काकू मला फराळाला बोलावतात. ऐंशी ओलांडली त्यांनी, ऐकू कमी येतं, पण मी दारात दिसलो की घरातल्या पाहुण्यांना मोठ्यानं सांगतात, "हा आमचा दत्तू. सगळ्यांनी माझ्या लेकीला दार लावलं, यानं एकट्यानं उघडं ठेवलं." पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघतात. शुभा चकलीची ताटली पुढं करते.

मी चकली घेतो. यंदा दोन खाल्ल्या.