एकाच नंबरवर सात वेळा 'क्षमस्व'

मंडळी, आज सकाळी फायनान्स कंपनीचा एकच मेसेज मला सात वेळा आला. "आपली माहिती चोरीला गेली असण्याची शक्यता आहे. क्षमस्व."

सात वेळा, कारण धरणगावच्या आमच्या गल्लीतल्या सात जणींनी शिलाई मशीनच्या कर्जाच्या अर्जावर माझाच नंबर दिलाय. "मेसेज वाचायला तू आहेस ना!" ही चूक आमची, कबूल. पण माहिती आम्ही नाही सांडली.

सगळ्यांना घेऊन जळगावची शाखा गाठली. मॅनेजर म्हणाले, "ताई, पैसे गेले का? नाही ना? मग?"

"घराची किल्ली चोरीला गेली, तर चोर येईपर्यंत कुलूप बदलायचं नाही का?"

कुणाची कोणती माहिती गेली, ते लेखी मागितलं. ते टाळायला लागले, तशा आमच्यातल्या सत्तरीच्या अक्का खुर्चीवर मांडी घालून बसल्या. "लिखी दे, भाऊ. मंगच आम्ही उठसूत."

शेवटी लेखी तक्रार दिली आणि तिची शिक्का मारलेली पोच घेऊनच उठलो. सातही जणींचं आधार बायोमेट्रिक तिथेच लॉक केलं. आमच्या नावावर कुणी परस्पर कर्ज उचललंय का, ते बघायला उद्या क्रेडिट रिपोर्ट काढतोय. आणि हो, आता प्रत्येकीचा नंबर वेगळा.

तुम्हीच सांगा, हप्ता एक दिवस चुकला असता, तर आमचं 'क्षमस्व' कंपनीने चालवून घेतलं असतं का?