चेंगडूच्या काकू आणि आईची सही

फ्रीमाँटमध्ये आमच्या टाउनहाउसच्या रांगेत, अगदी भिंतीला भिंत लागून, एक काकू त्यांच्या लेकीकडे राहतात. त्यांना चिनी म्हटलेलं आवडत नाही. पहिल्या भेटीत मी फोनवर भाषांतराचं ॲप लावून विचारलं, "तुम्ही चीनच्या ना?" त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला आणि सांगितलं, "मी चेंगडूची." मग मला विचारलं, "तू?" मी म्हणाले, इंडिया. पुन्हा तोच हात. देश कोण विचारतंय, गाव सांग. एकोणीस वर्षं इथं काढल्यावर माझ्या तोंडून आपसूक निघालं, "फ्रीमाँट."

"बरं," काकू म्हणाल्या, "मग ऊन पडलं की फ्रीमाँटची माणसं काय करतात?"

ऊन पडलं की आम्ही पडदे ओढतो, नाहीतर लॅपटॉपच्या स्क्रीनवर चमक येते. हे काही सांगण्यासारखं नव्हतं.

चेंगडूत म्हणे आभाळ वर्षाचे बहुतेक दिवस मळकट असतं. म्हणून सूर्य दिसला की माणसं हातातली कामं टाकून बाहेर पडतात. ऑफिसातली माणसंसुद्धा काहीतरी कारण काढून सटकतात. बागेत, नदीकाठी, गल्लीच्या तोंडाशी बांबूच्या खुर्च्या मांडल्या जातात आणि एक कप चहा घेऊन माणूस संध्याकाळपर्यंत बसतो. चहावाला येता-जाता गरम पाणी ओतत राहतो, कोणी ऊठ म्हणत नाही. कानातला मळ काढणारे लोखंडी चिमटा टणटण वाजवत खुर्च्यांमधून फिरतात. काकू हे सगळं इतक्या अभिमानाने सांगत, जणू शहर त्यांनीच वसवलं. त्यांच्या लेकीकडे एकदा शेजारच्या चोंगचिंग शहरातले पाहुणे आले आणि खरं तिखट आमच्याकडचंच, असं म्हणून बसले. काकू त्यानंतर आठवडाभर लेकीशी धड बोलल्या नाहीत. आमच्या मित्रमंडळींत नागपूरची माणसं सावजी रश्श्यावरून अशीच चिडतात, त्यामुळे मला त्यांचं काही नवल वाटलं नाही.

माझं खरं लक्ष तेव्हा आईकडे होतं. बाबा गेल्यावर वेंगुर्ल्याच्या घराला कुलूप घालून मी तिला इकडे घेऊन आले. व्हिसाची सहा महिन्यांची मुदत होती, पण माझ्या मनात ती कायमचीच आली होती. मी इथली नागरिक, त्यामुळे तिचं ग्रीन कार्ड अवघड नव्हतं. अर्ज भरून डायनिंग टेबलावर ठेवला होता, सहीच्या जागी पिवळी चिकटपट्टी लावून. रोज विचारायची मी. रोज ती म्हणायची, "बघू." मला 'बघू' या शब्दाचा भयंकर राग आहे. नवरा म्हणायचा, "जरा टाइम दे त्यांना, यार." पण वेळच तर संपत चालला होता. एकटी म्हातारी बाई समुद्राकाठच्या घरात पडली-झडली तर मला ते कळायला किती तास लागतील, याचा हिशोब मी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या करत असे. भीती होती ती, दुसरं काही नाही.

आई आणि काकूंची गाठ पडली ती वासावरून. एका दुपारी काकूंच्या खिडकीतून फोडणीचा वास आला आणि आई चप्पल न घालताच बाहेर गेली. काकूंनी मूठ उघडून दाखवली. लालसर, तोंड फुटलेली बारीक फळं होती. आईने एक चावलं, डोळे मिटले आणि ओरडली, "ही तिरफळां गो!" अगदी तीच नसतील, पण भावकीतली नक्की. बांगड्याच्या तिखल्यात घालतो ती तिरफळं या बाईच्या डब्यात कशी, म्हणून आई दिवसभर हसत होती. काकू तिचा हात धरून जीभ बधिर झाली का ते पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून दोन घरांच्या समोरच्या हिरवळीच्या पट्ट्यावर दोन खुर्च्या आणि एक बुटकं टेबल आलं. सकाळी दहा ते एक दोघी तिथं. बोलणं फोनमधून. काकू चेंगडूच्या बोलीत बोलल्या की फोन गोंधळायचा, म्हणून त्यांना शाळेतली शुद्ध चिनी काढावी लागे. आईच्या मालवणीचं फोन काय वाटेल ते करायचा, म्हणून तीही बातम्या दिल्यासारखी बोलायची. "आज हवामान उत्तम आहे," असं माझी आई जन्मात कधी बोलली नव्हती. माझी लेक शाळेतून येताना दोघींकडे बघून म्हणायची, "मॉम, दे आर सो क्यूट!"

मी मात्र डाव टाकला. एकदा काकूंना बाजूला गाठून सांगितलं, आईला जरा समजवा. तुम्हीही इथं राहिलाच ना सहा वर्षं? ग्रीन कार्ड घेतलंच ना? तिला सांगा की इथं बरं असतं. काकूंनी फोनच्या पडद्यावरचं भाषांतर पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "सांगेन." मी निर्धास्त झाले. दोघींच्या गप्पा लांबत गेल्या तसं मला वाटत गेलं, जमतंय.

पाचव्या महिन्यात रांगेतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र आलं, सामायिक जागेत सामान ठेवू नये. मी त्या दिवशी घरून काम करत होते. बाहेर पाहिलं तर खुर्च्या रिकाम्या. दोघी चालत दुकानात गेलेल्या. टेबलावर दोन झाकणाचे कप, चहा अर्धवट, झाकणांवर लिंबाचं एकेक पान पडलेलं. पसारा कसला ठेवतात या, म्हणत मी चहा झाडात ओतला, कप घासून पालथे घातले आणि खुर्च्या गॅरेजमध्ये लोटल्या. मला कामं उरकायला आवडतात.

परत आल्यावर काकू त्या मोकळ्या जागेपाशी थांबल्या. हातात पालेभाजीची पिशवी. रागावल्या नाहीत, नुसत्या घरात गेल्या. मी आईला म्हटलं, "एवढं काय झालं? चहा पुन्हा करता येतो की."

आई डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर टेकली आणि तिने मला सगळं सांगितलं. पानं पडलेली नव्हती, ठेवलेली होती. चेंगडूच्या चहाच्या दुकानात माणूस जरा उठून गेला तर झाकणावर काहीतरी ठेवून जातो. त्याचा अर्थ, मी येतोय. मग दुकान कितीही भरलेलं असो, त्या कपाला कोणी हात लावत नाही आणि त्या खुर्चीवर कोणी बसत नाही.

"मला काय माहीत," मी म्हणाले.

"तुका म्हायत नसतला. पण तिका लागला," आई म्हणाली. "गेल्या साली ती चेंगडूक गेली होती ना? आपल्या जुन्या दुकानात जाऊन बसली. तीस वर्षं जिथे बसायची तिथेच. आणि चहावाला तिच्याशी कसा बोलला, म्हायत आसा? शुद्ध चिनीत. पाहुण्यांशी बोलतत तसा. विचारूक लागलो, फिरूक इलात काय?"

काकूंना मी कशासाठी बोलायला लावलं होतं आणि त्यांनी आईला काय सांगितलं होतं, हे आत्ता माझ्या ध्यानात येत होतं. त्यांनी मला फसवलं नव्हतं. सांगेन म्हणाल्या होत्या, आणि जे होतं ते सांगितलं.

आईने टेबलावरचा अर्ज उचलला आणि माझ्यासमोर ठेवला. पिवळी चिकटपट्टी तिने नीट काढून घेतली होती. "मी सही करणार नाय," ती म्हणाली. "कार्ड घेतला की हयच रवाक होया, तूच सांगितलंस ना? मग तिकडचो माझो कप उचलतले."

मग मात्र माझा तोल गेला. कोण आहे तिथं तुझं, म्हणाले. कुलूप लावलेलं घर, दोन म्हाताऱ्या शेजारणी आणि कोळीण. इथं मी आहे, नात आहे, डॉक्टर दहा मिनिटांवर आहे. तुला काही झालं तर कोणाला कळणार तिथं? एवढे महिने मनात दाबलेलं सगळं बाहेर आलं, आवाजही चढला. आईने मला पूर्ण बोलू दिलं.

"सकाळी नवाक मी पायरीवर दिसलय नाय तर कोळीण दार ठोकता," ती म्हणाली. "देवळातलो भट विचारता. दुकानदार पोराक धाडता. हय मी दिसलय नाय तर फक्त तुका कळतला."

"मला कळलं तर ते पुरत नाही का?" मी विचारलं.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. खोटं बोलायची तिला कधी सवय नव्हती.

"नाय गो," आई म्हणाली.