भाऊजींच्या डबीतली घूं

आमच्या भाऊजींना साऱ्या जगात एकच वैरी होता, आणि तो डोळ्यांना दिसत नसे. माणसं सापाला भितात, विंचवाला भितात, साहेबाला भितात. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कुणालाच भीत नसत. पण लाउडस्पीकर लागला की गाण्याच्या मागून जी बारीक घूं येते, आणि गाणं संपलं तरी जी संपत नाही, तिच्यावर ते डूख धरून होते. उमरखेडला कचेरीत कारकुनी, अंगात पांढरा स्वच्छ सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. लग्नाला गेले की वधूवर राहिले बाजूला, हे आधी मांडवामागे. एकदा ऐन मंगलाष्टकांत ते मांडववाल्याच्या अँप्लिफायरपाशी शिरले आणि घूं घालवायला त्यांनी कुठलीशी तार उपटली. घूं गेली, तिच्याबरोबर भटजींचा आवाजही गेला, आणि अंतरपाटामागची नवरी खुदकन हसलेली साऱ्या मांडवाला ऐकू आली. "आता कसं शांत वाटून राह्यलं!" भाऊजी बाहेर येऊन म्हणाले. त्या दिवशी आम्ही न जेवताच परतलो.

तसे ते जन्मापासून असे नव्हते. साठ सालानंतरची ही गोष्ट. गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. मी महागावला मास्तर होतो आणि सुटी लागली की एस.टी.नं उमरखेड गाठायचो. तेव्हा भाऊजी पत्ते खेळायचे, हरले की भांडायचे, म्हणजे चारचौघांसारखेच होते. मग त्या घरात विषमज्वर शिरला. ताई आणि तिची तीन वर्षांची चिमी, दोघी एकदमच अंथरुणाला खिळल्या. चिमी गेली. ताई उठली, पण तिचे कान गेले. चिमीला एक सवय होती: झोप आली की ती तोंड मिटून एकच सूर धरून गुणगुणायची आणि गुणगुणतच झोपायची. तिचं नाव त्या घरात पुन्हा कुणी घेतलं नाही. ताई मात्र स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे "भाजीत मीठ बरोबर आहे ना हो?" हा खासगी प्रश्नही अख्ख्या गल्लीला विचारायची. भाऊजींनी पत्ते बंद केले आणि ताईसाठी आवाज मोठा करणारं एक लहानसं, खिशाला परवडणारं यंत्र करायला घेतलं. बोलणाऱ्यानं माईकमध्ये बोलावं आणि ताईनं कानाला हेडफोन लावून ऐकावं, एवढीच कल्पना. यंत्र झालंही. साबणाच्या डबीत मावलं. पण त्या डबीला वीज कुठली पाजायची, या प्रश्नानं पुढची सगळी वर्षं खाल्ली.

आधी टॉर्चचे सेल झाले. चार सेल ओळीनं जोडायचे, दोन तारा जिभेला लावायच्या आणि वैद्यानं नाडी पाहावी तसे डोळे मिटून निदान करायचं. "हे आज संध्याकाळी जातेत बिचारे," असं ते इतक्या कळवळ्यानं म्हणायचे की मला त्या सेलांना भेटून घ्यावंसं वाटे. सेल उतरले की ताईच्या कानात माणसांचे आवाज फाटके यायचे, आणि नवे सेल रोज आणणं कारकुनाच्या पगारात बसणारं नव्हतं. म्हणून मग भिंतीतली वीज घेतली. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात ट्रान्सफॉर्मर बसला, वर कंडेन्सर बसले. साबणाच्या डबीला डालड्याचा डबा सासऱ्यासारखा दिसू लागला. आणि ताईच्या कानात घूं आली. घराण्यात वैरी शिरल्यावर भाऊजी पेटलेच. परसात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून त्यांनी तांब्याचा पत्रा पुरला, तिथून अर्थिंगची तार आणून डब्याला जोडली, आणि ती जमीन ओली राहावी म्हणून रोज आंघोळ झाली की उघड्या अंगानं तिथे तांब्याभर पाणी घालू लागले. बाजाराला जाणाऱ्या बंजारा तांड्यावरच्या बायका हे पाहून त्या जागेला हात जोडून पुढे जायच्या. घूं मात्र होती तशीच होती.

वैशाखातल्या एका दुपारी मी न कळवता गेलो. भाऊजी कचेरीत होते, दार नुसतं लोटलेलं. ताई भिंतीला टेकून बसली होती, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. माईक तिनं चिमीच्या जुन्या झबल्यात गच्च गुंडाळून ठेवला होता, म्हणजे बाहेरचा कुठलाच आवाज आत जाऊ नये. आणि मांडीवरच्या लेकराला हलवावं तसा तिचा एक गुडघा हलत होता. मी समोर बसलो तशी तिनं डोळे उघडले. ती दचकली नाही. ओठांवर बोट ठेवून तिनं हेडफोन माझ्या कानाला लावला.

"झोपून राह्यली," ती म्हणाली. आजारानंतर ती पहिल्यांदाच इतक्या हळू बोलली.

मी ऐकलं. घूंच होती, दुसरं काही नव्हतं. एकाच सुरातली, खालची. मी मनात ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर असं घोकत होतो. तेवढ्यात ती थांबली. माणूस श्वास घ्यायला थांबतो तेवढीच थांबली, आणि पुन्हा सुरू झाली. शेजारची पिठाची गिरणी चालू-बंद झाली की वीज कमीजास्त होते, हे भाऊजींनीच मला शिकवलं होतं. पण गिरणीवाल्याकडे सुतक होतं. गिरणी सकाळपासून बंद होती. मी हेडफोन काढून हळूच तिच्या कानाला परत लावला. भाऊजींना हे कोणत्या तोंडानं सांगावं ते मला कळेना.

ते तर त्याच आठवड्यात ट्रकची बॅटरी घेऊन आले. साबणाच्या डबीला ट्रकची बॅटरी! आम्ही दोघांनी ती उचलून खाटेखाली सरकवली, आणि तिच्या तेजाबानं भाऊजींच्या पांढऱ्या सदऱ्याला भोकं पडली. "मास्तर, ही वीज बोलत नाही. नुसती काम करते," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. मग माईक तोंडाशी धरून ते ताईशी बोलले. ताईचा चेहरा उजळला. "अगंबाई, तुमचा आवाज किती म्हातारा झाला हो!" भाऊजी हसले, मला टाळी दिली आणि बाहीनं डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला सांगू. घूं गेली होती. त्यांनी ती लढाई जिंकली होती.

मग ताईनं त्यांच्या हातातून माईक घेतला, झबल्यात गुंडाळला, डबीचा आवाज पूर्ण वाढवला आणि वाट पाहू लागली. तिचा गुडघा हलायला लागला आणि थांबला. तिनं घाबरून भाऊजींकडे पाहिलं.

"कुठं ठेवली तुम्ही तिले?"

भाऊजींनी झबल्याकडे पाहिलं.  मग त्यांनी खाली वाकून बॅटरीच्या तारा सोडवल्या, माळ्यावरून डालड्याचा डबा काढला, जोडला, आणि माझ्यादेखत त्यातला घूं गाळणारा एक कंडेन्सर कापून खिशात घातला, म्हणजे घूं जराही कमी पडू नये. ताईचे डोळे हळूहळू मिटले. "बॅटरी नाही जमली मास्तर," ते मला म्हणाले. पुढे मांडववाले मुद्दाम विचारायचे, "साहेब, घरची घूं गेली का?" आणि हा अभिमानी माणूस सगळ्यांदेखत म्हणायचा, "नाही गेली बा. आपल्याले नाही आलं ते काम."

पुष्कळ वर्षांनी, आम्ही दोघंही थकल्यावर, एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी विचारलं, "भाऊजी, तुम्ही कधी तो हेडफोन कानाला लावून ऐकलंत का हो?"

"मले कायले लागते हेडफोन?" ते म्हणाले. "चिमी गेली त्या दिवसापासून ऐकून राह्यलो मी. मांडवात, कचेरीतल्या पंख्यात, सगळीकडं. वाटे, एकदा हे काढून टाकलं तं आपल्याले झोप लागंल." मग आत वळून पाहत ते म्हणाले, "आता काढावं नाही वाटत."

आणि ताई आत बसली होती त्या खोलीचं दार त्यांनी आवाज न करता ओढून घेतलं.