कटिंगमधलं वळण

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी संगणकावर लातूर रोड स्टेशन ते उदगीर हा रेल्वेमार्ग तयार करत होतो. रेल्वेगाडी चालवायचा एक खेळ असतो, त्यासाठी. त्यात परदेशातले मार्ग भरपूर मिळायचे, आपल्याकडचा एकही मनासारखा नव्हता. दिवसा मी एका खाजगी ऑफिसात जमिनीचे नकाशे संगणकावर उतरवायचो आणि घरी आलो की हे काम. उपग्रहानं मोजलेली जमिनीची उंची फुकट मिळते. ती खेळात भरली की टेकड्या, ओढे, माळ आपोआप उभे राहतात. रूळ, बाभळी, स्टेशनं आपण ठेवायची. वरून काढलेले फोटो दुष्काळातलेच होते. तलावांच्या जागी भेगाळलेली जमीन दिसायची. मी ती तशीच ठेवली.

थोरला भाऊ खरंच इंजिन चालवायचा. ड्यूटीवरून आला की माझ्यामागं उभा राहून हसायचा. म्हणायचा, मी पगार घेऊन चालवतो, तू लाइटबिल भरून चालव.

एप्रिलात त्याच्या गाडीखाली एक बाई गेली. एका वळणाजवळ रुळाच्या पलीकडं गावची विहीर होती. तिच्यात टँकर ओतायचे आणि अलीकडच्या वस्तीतल्या बाया रूळ ओलांडून पाण्याला जायच्या. ही भरलेला हंडा घेऊन परत येत होती. दादानं हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला. गाडी थांबली ती बरीच पुढं जाऊन.

चौकशी झाली. दादाला दोष लागला नाही. काही दिवसांनी तो पुन्हा ड्यूटीवर गेला आणि मधल्याच एका स्टेशनात उतरून बाकावर बसला. परत इंजिनात चढेना. गाडी न्यायला दुसरा ड्रायव्हर बोलवावा लागला. तेव्हापासून तो घरीच होता. वहिनी ताट वाढून ठेवायची आणि गार झालेलं उचलून न्यायची. त्याचं एकच चालायचं, की आपल्याला ती उशिरा का दिसली. डुलकी लागली नव्हती ना, नजर दुसरीकडं नव्हती ना, हे तो स्वतःलाच विचारायचा. आम्ही नाही म्हटलं तर म्हणायचा, तुम्ही कुठं होता तिथं.

एका संध्याकाळी तो माझ्याजवळ खुर्ची ओढून बसला.

"ते वळण केलंस का तू?"

केलं होतं, पण नुसतं नावाला. ही उंची चौकोना-चौकोनानं मोजलेली असते. चौकोनापेक्षा अरुंद असं काही तिच्यात येतच नाही. त्यामुळं तिथला डोंगर फोडून काढलेला अरुंद रस्ता, ज्याला रेल्वेवाले कटिंग म्हणतात, माझ्या नकाशात नव्हताच. रूळ उघड्या माळावरून जात होते. दादानं गाडी चालवून पाहिली. लांबूनच सगळं दिसत होतं. त्याचा चेहरा उतरला.

"इथं तर ती दिसायलाच पाहिजे," तो म्हणाला.

मी समजावलं की जमीन चुकली आहे, कटिंग हातानं खोदावं लागेल. तो म्हणाला, मग नीट खोद, जाऊन बघून ये. मी म्हटलं, तूही चल. वहिनी नको म्हणत होती. तरी तो आला.

मोटारसायकलवरून आम्ही गेलो. मुरमाच्या कडा माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर जात होत्या. मी उंची, रुंदी, वळणाचा बाक मोजून घेत होतो, फोटो काढत होतो. तेवढ्यात वस्तीवरून एक माणूस आला. कशाची मोजणी चाललीय, भुयारी रस्त्याची का, त्यानं विचारलं. उदगीर जिल्हा झाला की इथं खालून रस्ता होईल, असं गावाला कितीतरी वर्षं सांगितलं जात होतं. मी नाही म्हटलं. त्याची नजर दादावर गेली. दादा रुळाकडं बघत उभा होता.

"तुमीच का त्ये?"

दादा म्हणाला, "हाव."

तो त्या बाईचा नवरा होता. मला वाटलं आता हात उचलील. त्यानं उचलला नाही. आम्ही का आलो ते दादानंच सांगितलं, अडखळत. माणसानं ऐकून घेतलं आणि पुढं चालत गेला. बायांची पाण्याची पायवाट रुळाला भेटते तिथं, कडेला उभा राहिला. दादा वळणाच्या अलीकडं, कडेकडेनं, इंजिन जिथून येतं तिथं गेला.

माणसानं ओरडून विचारलं, "दिसतो का?"

"न्हाई."

दादा थोडा पुढं आला.

"आता?"

"न्हाई."

असं करत करत वळण जवळजवळ संपलं, तेव्हा दादा थांबला. "आता दिसतोस," तो म्हणाला, पण इतक्या हळू, की मला मोठ्यानं सांगावं लागलं. दोघांमधलं अंतर बघून मलाही कळलं. भरधाव गाडी एवढ्यात थांबणं शक्य नव्हतं.

माणूस आमच्याजवळ आला. म्हणाला, "गावात म्हनत्यात, डायवर झोपला व्हता. मलाबी तसंच वाटायचं." मग त्यानं एवढंच विचारलं, की हॉर्न दिला होता का. दादानं मान हलवली. वारं उलटं असलं की कटिंगमधला आवाज पायवाटेपर्यंत येत नाही, असं तोच म्हणाला आणि गेला. आम्ही तिथं असेपर्यंत हंडे घेतलेल्या बाया त्याच वाटेनं रूळ ओलांडत होत्या. मोठ्या बाईबरोबर एक लहानगी, हातात कळशी.

घरी येऊन मी कटिंग खोदलं. कडा, मुरूम, बाक, पायवाट, सगळं जिथल्या तिथं. दादा चालवायला बसला. वळण सरलं की पायवाट दिसायची, तो ब्रेक लावायचा आणि गाडी पायवाट ओलांडून जायची. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा. शेवटी त्यानं वळणाच्या आधीच ब्रेक लावला. गाडी कटिंगमध्ये पायवाटेच्या अलीकडं उभी राहिली.

"इथं कोन थांबवतंय गाडी," तो म्हणाला. "थांबवायला काय कारन हाय?"

मला वाटलं होतं, आपली चूक नव्हती याची खात्री पटली की तो सुटेल. तसं झालं नाही. आधी निदान स्वतःवर राग काढता येत होता. आता तोही उरला नाही. त्यानं इंजिन सोडून दुसरं काम मागून घेतलं. ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावायच्या, खोलीत बसून. ते तो अजून करतो. धर्माबादला बहिणीकडं जायचं असलं तरी तो एसटीनंच जातो. वहिनी पोरांना घेऊन रेल्वेनं जाते आणि तो तिच्यानंतर केव्हातरी पोचतो.