ओढ्याकाठचा बोलका म्हातारा

वीस वर्षांपूर्वी, पत्नी जाऊन महिना झाला असताना, मी आंबेगावच्या जंगलात ओढ्याकाठच्या वाटेने एकटाच निघालो होतो. मागून एक हिरडा वेचणारा म्हातारा आला. काठी दगडांवर आपटत तो मोठमोठ्याने बोलू लागला.

“राव, कायतरी बोला की! बायकोचं नाव काय?”

“सुमन,” मी पुटपुटलो.

“मोठ्यानं! ऐकू येत न्हाई.”

मी चिडून ओरडलो. वाडी दिसेपर्यंत त्याने मला असंच बोलतं ठेवलं. मग पाठीवरचं पोतं उतरवून म्हणाला, “बिबट्या व्हता वरच्या झाडीत, आपल्या बरोबरीनं चालत. सांगितलं असतं तर तुमी पळाला असता, आन पळत्याच्या मागं त्यो लागतो.”

मी मटकन खाली बसलो. आता जगावंसं वाटत नाही, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होतो. पाय मात्र लटलट कापत होते.