घड्याळाच्या काचेवरची सही

या सदरातले अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर निम्म्यात पान उलटतो. वडाखालची बाई, आपोआप हलणारा झोपाळा... कंटाळा येतो. माझी आजवरची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर गेली. तिथे प्रेशर आणि टेंपरेचर ही दोनच दैवतं, आणि दोन्ही मीटरवर दिसतात. देवळातही जातो तो बायको बरोबर असते म्हणून. तरी हे लिहितोय, कारण एकट्याने वागवायचा आता शीण आलाय.

२००२ सालचा हिवाळा. आम्ही जेल रोडला राहायचो — मी, बायको सुनंदा आणि दादा, म्हणजे माझे वडील. दादाही एकलहऱ्यालाच होते. केंद्र उभं राहत असताना आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने जाताना स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून त्यांना दिलं होतं. भारी स्विस ऑटोमॅटिक. सेल नाही, रोज चावी देणं नाही... हात हलला की चालतं.

मी चौथीत असताना ते आतून बघायचं म्हणून कर्कटकाने उघडायला गेलो आणि टोक काचेवरून सटकलं. चाराच्या आकड्याजवळ एक तिरका चरा, शेवटी गळासारखा वळलेला. दादांनी एक कानाखाली दिली, पण काच कधी बदलली नाही. आल्यागेल्याला दाखवायचे, म्हणायचे, ही आमच्या बाळूची सही. ड्युटीला निघताना अंगठा त्या चऱ्यावरून फिरवायचा, ही त्यांची सवयच होऊन गेली.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, हात हलेना, म्हणून घड्याळही थांबलं. दुसऱ्या झटक्यात ओळख गेली. मला ते 'अहो' म्हणायला लागले. शिफ्टमधला कोणीतरी समजायचे आणि दिवसातून वीसदा विचारायचे, "अहो, माझा रिलीव्हर आला का?" आमच्याकडे बदली माणूस येऊन समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडता येत नाही, मग कितीही तास होवोत. दादा दीड वर्ष त्या पलंगावर आपल्या रिलीव्हरची वाट बघत होते.

मी शिफ्ट करून यायचो, त्यांचं अंग पुसायचो, भरवायचो, आणि शेवटच्या घासाला ते विचारायचे, तुम्ही कोण? खोटं कशाला बोलू, राग यायचा. मग ते बंद घड्याळ उजव्या हाताने काढायला धडपडायचे, कानाशी न्यायला बघायचे. मला वाटलं, हे चालू झालं तर कदाचित त्यांना मीही आठवेन. बाकी कसलीच आशा उरली नव्हती.

मेन रोडला एका बोळात दत्तूकाका बसायचे. मूळचे येवल्याचे, घरात पैठणीचे माग, पण यांनी घड्याळं धरली. त्यांनी मागचं झाकण उघडलं, म्हणाले, तेल वाळून डिंक झालंय, सगळं सुटं करून धुवावं लागेल. काचही कडेला तडकली होती. त्या जमान्यातली काच म्हणजे जाड प्लास्टिकच. ते म्हणाले, "काच चालंल अजून. जुनी खूण हाय, राहू द्या." मी नाईट करून तसाच गेलो होतो. म्हटलं, नाही काका, काच बदला, बाहेरच्या केसला पॉलिश करा, सगळं नव्यासारखं करा.

तीन आठवड्यांनी घड्याळ मिळालं. आरशासारखं! काढलेले भाग गिऱ्हाइकाला परत द्यायची दत्तूकाकांची रीत होती. जुनी काच त्यांनी कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीत घालून दिली. ती मी प्लँटमधल्या माझ्या लॉकरमध्ये टाकली.

दादांच्या हाताला घड्याळ बांधलं. त्यांनी उजवा अंगठा काचेवर फिरवला, पुन्हा फिरवला... आणि घड्याळाचा हात बाजूला ढकलला. "हे माझं नव्हे. कोणाचं आहे, देऊन टाका." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्याजवळ माझी एकच खूण उरली होती आणि ती मीच पुसून आणली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

तरी घड्याळ हातावर राहू दिलं. त्यांचा हात हलत नसल्यामुळे रोज सकाळी ते काढून वीस-पंचवीस वेळा हलवायचं, हे माझं एक जास्तीचं काम झालं. अकराव्या की बाराव्या दिवशी मी ते काढलं आणि हलवायचं विसरूनच गेलो. चाराच्या आकड्याजवळ चरा होता. तिरका, शेवटी गळासारखा.

मी घड्याळ तसंच परत बांधलं. दादांचा अंगठा काचेवर गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, दीड वर्षात बघितलं नव्हतं तसं.

"बाळू, आलास का?" म्हणाले. "बरं झालं. मग मी निघतो आता."

चौथ्या दिवशी दुपारी, सुनंदा पाणी पाजत असताना, ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर लॉकरमधून डबी काढली. जुनी काच आतच होती, चऱ्यासकट. दोन्ही घेऊन दत्तूकाकांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, जुनी काच नव्या काचेवर धरली. चऱ्यावर चरा तंतोतंत बसला. नव्या काचेच्या कडेवरून नख फिरवून बघितलं. मग म्हणाले, "काच मी बसवलेलीच हाय, कड शाबूत हाय. चरा माझ्या हातचा नाय." घड्याळ फडक्याने पुसून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "आता हिला पॉलिश नका करू."

सुनंदाचं मत वेगळं. दादांना चमचाही धरता येत नव्हता, त्यामुळे त्यांनी ते केलेलं नाही, हे तिलाही मान्य. ती म्हणते, नाईटवरून आल्यावर झोपेच्या तारेत तुम्हीच ओढला असेल. शक्य आहे... त्या दिवसांत मी काय करत होतो ते मला तरी कुठे धड आठवतं? पण कर्कटक घरात नव्हतं. आणि सही जशीच्या तशी पुन्हा करायला मला चौथीतला हात लागला असता.

मला याचा उलगडा आजही नाही. घड्याळ आता माझ्या हातावर असतं आणि रिलीव्हरला उशीर झाला की माझाही अंगठा त्या चऱ्यावर जातो. एवढं मात्र कळतं, दादा उगाच थांबले नव्हते. मी दीड वर्ष रोज त्यांच्या समोर उभा होतो, फक्त मी आलोय हे त्यांना कळायचं राहिलं होतं.