पिकअप, कार्बोरेटर आणि आमचे भाऊजी

बिबवेवाडीत माझी खानावळ आहे. रोज सकाळी मार्केट यार्डातून भाजी आणायला मी वडिलांची जुनी, पेट्रोलवर चालणारी पिकअप नेते. दोन वर्षांपूर्वी तिने एक खोड काढली. चालत्या गाडीत काही तक्रार नाही, पण सिग्नलला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिन थरथरायचं, दोनदा खोकायचं आणि बंद पडायचं. मागच्या लोकांना तर सिग्नल सुटायच्या आधीच हॉर्न वाजवायची घाई. त्यांना आयतं निमित्त मिळालं.

घरात धाकटे दीर म्हणजे आयटीतले मोठे साहेब. ते म्हणाले, "वहिनी, कार्बोरेटर म्हणजे अगदी प्राथमिक गोष्ट. यात सेन्सरसुद्धा नसतो."

एका रविवारी त्यांनी पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर खोलला. मोबाइलवर व्हिडिओ चालू होता, तोही दीडपट वेगाने, कारण भाऊजींना वेळ नसतो. मी चहा दिला, पाने दिले आणि कौतुकाने बघत उभी राहिले. माझा हा मूर्खपणा मी कुणाला सांगत नाही. दुपारी कार्बोरेटर पुन्हा बसला, आणि आता गाडीला बंद पडायला सिग्नलसुद्धा लागेना.

"पेट्रोलमध्ये भेसळ आहे," भाऊजी म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मग मी एका काचेच्या चकचकीत गॅरेजात गेले. तिथे आधी कॉफी देतात. स्वच्छ अ‍ॅप्रन घातलेला एक मुलगा हातात यंत्र घेऊन डॅशबोर्डखाली बराच वेळ वाकला.

"मॅडम, स्कॅनरचं पोर्ट कुठंय?"

"या गाडीला नाही."

"मग फॉल्ट कसा कळणार?"

"बॉनेट उघडून बघा की."

तो माझी कीव आल्यासारखा हसला आणि गाडी भंगारात काढायचा सल्ला दिला. हात काळे न करता निदान करणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी मार्केट यार्डातल्या माझ्या कांदेवाल्याने शनिवार पेठेतल्या एका चाचांचा पत्ता दिला. दुकान एका शटरएवढं. चाचा सत्तरीचे, तीन पिढ्या पुण्यातच. मी तिथवर पोहोचेपर्यंत गाडी सहा वेळा बंद पडली होती. त्यांनी ती सुरू केली, डोळे मिटून आवाज ऐकला आणि चोक अर्धा ओढला. इंजिन न थरथरता चालू लागलं.

"चोकने हवा कमी झाली की बरी चालते," ते म्हणाले. "म्हणजे हवा जास्त खातेय. कुठून, ते बघू."

चोक पुन्हा आत ढकलून त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाशी ऑइलचे चार थेंब सोडले. थरथर क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली, म्हणजे हवा तिथूनच शिरत होती. चाचांनी कार्बोरेटर काढला. खालचं पॅकिंग बोटांनी सोलून त्यांनी माझ्यापुढे धरलं. तो पुठ्ठा होता, आणि त्यावर गुलाबी अक्षरांत अर्धवट 'पेढे' लिहिलं होतं. भाऊजींनी बढतीचे पेढे वाटले होते, तो खोका.

"हे कुणी बसवलं?"

"घरचेच आहेत."

"इंजिनिअर?"

"हो."

"कॉम्प्युटरचे?"

"हो."

"मग बरोबर."

त्यांनी नवीन पॅकिंग बसवलं. मग उभ्या गाडीत इंजिनाला पेट्रोल पुरवणारा आयडलचा जेट प्रकाशाकडे धरला. मूळ दुखणं तिथे होतं, सुईच्या भोकाएवढ्या वाटेत कचरा. भाऊजींनी बाहेरून चकचकीत पुसलेला कार्बोरेटर आतून तसाच होता. जेट साफ करून कार्बोरेटर बसवल्यावर चाचांनी इंजिन सुरू केलं, आयडलचा स्क्रू दाखवला आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्याच हातात दिला.

"फिरवा हळूहळू. आवाज अडखळला की थोडं मागे या."

मी फिरवत गेले. अडखळला, मागे आले. इंजिन एकसारखं चालू लागलं तेव्हा मला उगाचच भरून आलं. चाचांचं लक्ष नव्हतं, ते हात पुसत होते.

घरी जेवताना मी सगळं सांगितलं. भाऊजी शांतपणे म्हणाले, "म्हणजे माझं निदान बरोबर होतं. प्रॉब्लेम कार्बोरेटरचाच निघाला."

नवऱ्याला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं.

परवा भाऊजी खानावळीच्या मिक्सरकडे टक लावून बघत होते. "आवाज जरा वेगळा येतोय," म्हणाले. मी मिक्सर उचलला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.